तळे हातांनी झाले, हातांनीच राखू

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण. ज्या गावांना बैठकीला येता आले नाही त्यांच्यासाठी येथे छापत आहोत. गावच्या बैठकीत वाचून दाखवावे.)



कापसाच्या भावावर बोलायला जमलेल्या बैठकीत आम्ही तळ्यातल्या एका झाडोऱ्यावर बोलणार आहोत. काही जण मनात म्हणतील, यांना दुसरे काही सुचले नाही काय? पण गेल्या काही वर्षांत आमच्या गावावर जे गुदरले ते तुमच्या गावावर गुदरू नये, म्हणून अर्धा तास मागून घेतला आहे. भावाचे भांडण आपले आहेच, ते पुढेही करू. पण तळे एकदा गेले, तर भांडायला निघतानासुद्धा टँकरचे पाणी पिऊन निघावे लागेल.

आपल्या जिल्ह्यातले कितीतरी पाझर तलाव 1972 च्या दुष्काळातले आहेत. इथे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना ते सांगायला नको. खडी फोडली, मातीची पाटी डोक्यावर वाहिली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या मिलोची लाल भाकर खाल्ली आणि त्या भाकरीच्या बळावर हे बांध उभे केले. ज्वारी पिकवणाऱ्या मुलखाला परक्याची ज्वारी खावी लागली, त्या वर्षाची ही कमाई आहे. कागदावर तलाव कुणाच्या नावावर असेल तो असो. तो झाला आपल्या आई-बापांच्या हातांनी.

आणि तळे म्हणजे नुसते दिसणारे पाणी नव्हे. तळ्याखालच्या विहिरींना पाझर असतो तो तळ्याचा. ज्वारी पोटरीत आली की एक पाणी मिळाले तर कणीस भरते, नाही मिळाले तर कडबा तेवढा हाती येतो. कपाशीला बोंडे धरताना एक पाणी मिळाले तर वेचणी वाढते. कोरडवाहू शेतकऱ्याचे सारे नफ्या-तोट्याचे गणित या एका पाण्यावर फिरते. गुरे पाणी पितात ती तिथेच. म्हणून तळ्याला काही झाले तर तो पाटबंधाऱ्याचा प्रश्न नसतो, आपल्या खळ्याचा प्रश्न असतो.

बादलीतले फूल

आता आमची गोष्ट ऐका. आमच्या गावातली निम्मी घरे दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन बाहेर पडतात. कुणी कोल्हापूरकडे, कुणी सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. उचल घेतलेली असते, मुकादम दारात उभा असतो, ट्रॅक्टर भरतो आणि गावात म्हातारी माणसे आणि कुलपे राहतात. पट्टा पडला की मार्च-एप्रिलात माणसे परत येतात.

एका वर्षी असाच पट्टा पडला आणि एक टोळी गावी आली. नदीकाठी कोप्या होत्या. तिथल्या पाण्यावर एक हिरवी वनस्पती तरंगायची, तिला जांभळी फुले यायची. त्या भागात तिला केंदाळ म्हणतात, आपल्या पुस्तकांत जलपर्णी म्हणतात. टोळीतल्या एका पोराला ते फूल आवडले. त्याने चार-पाच रोपे बादलीत घातली आणि एवढ्या लांबून सांभाळून आणली. आई म्हणाली, फेकून दे. पोराला ते जिवावर आले. मरू नये म्हणून त्याने ती तळ्यात सोडली.

पोराचा दोष नाही. हे आम्ही पहिल्यांदा सांगतो, कारण पुढे गावात यावरून बरीच बोलाचाली झाली. त्याने मरणाऱ्याला पाणी दिले. ही काय भानगड आहे हे त्याला कुणी सांगितले नव्हते, आणि सांगणार कोण? आम्हांलाच ठाऊक नव्हते. बाया म्हणाल्या, बरे दिसते. दोन-चार फुले देवालाही वाहिली गेली.

त्या पावसाळ्यात बाजेएवढा हिरवा तुकडा झाला. दिवाळीपर्यंत खळ्याएवढा झाला. आम्ही तो पाहिला आणि कोयते घेऊन निघून गेलो. मार्चात परत आलो तर तळ्याचा एक सबंध कोपरा भरून गेलेला. बांधावरून पाहिले तर लसूणघासाचे रान वाटावे. एक वासरू चारा समजून त्यात शिरले आणि पोटापर्यंत रुतले. चौघांनी दोर लावून काढले. ज्यांच्या मोटारी तळ्यावर होत्या त्यांच्या फुटव्हॉल्व्हला काळ्या मुळ्यांची लोकर गुंडाळली होती. एकाची मोटार जळाली. ती दुरुस्त होऊन येईपर्यंत ज्वारीचे पाणी चुकले आणि निम्मी कणसे पोचट राहिली.

आम्ही अर्ज घेऊन गेलो. एका कचेरीने सांगितले, तलाव आमच्या अखत्यारीत आहे, पण त्यात उगवलेले आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कचेरीने सांगितले, मासे आमच्याकडे येतात, वनस्पती येत नाही. तिसऱ्या कचेरीने विचारले, पंचनामा झाला का? जलपर्णी मात्र कुणालाच विचारायला गेली नाही. ती वाढत राहिली.

शेवटी उन्हाळ्यात पाणी आटायला लागले तेव्हा आम्हीच उतरलो. रोज तीस माणसे, बत्तीस दिवस. हिशेब करा, नऊशे साठ दिवसांची मजुरी झाली, आणि कुणी कुणाला छदामही दिला नाही. एक चूकही केली. काढलेला ढीग सांडव्याजवळच टाकला. वळवाचा पहिला मोठा पाऊस आला आणि ढिगातली हिरवी राहिलेली रोपे परत पाण्यात गेली. पुढचे तीन पावसाळे चिखलातून नवी रोपे उगवत होती आणि आम्ही ती वेचत होतो. आजही वेचतो.

हेच काम पहिल्या उन्हाळ्यात दोन पोरांनी अर्ध्या तासात केले असते. एका पारड्यात अर्धा तास, दुसऱ्या पारड्यात नऊशे साठ दिवस. भाषणातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढे लक्षात ठेवा.

पंधरवड्याचा हिशेब

ही वनस्पती एवढी वाढते कशी? बी पडते हे खरे, पण तिला बियाची गरज लागत नाही. एका रोपाला आडवा धागा फुटतो, धाग्याच्या टोकाला दुसरे रोप येते. ऊब आणि खत मिळाले तर साधारण पंधरा दिवसांत रोपांची संख्या दुप्पट होते. दहा रोपे धरा. पंधरा दिवसांनी वीस, महिन्याने चाळीस, दोन महिन्यांनी एकशे साठ. इथवर कुणी ढुंकून पाहत नाही. आठ महिन्यांनी हीच संख्या साडेसहा लाखांवर जाते आणि सुमारे एक एकर पाणी झाकले जाते. सावकाराच्या चक्रवाढीला आपण नावे ठेवतो, तो निदान पंधरा दिवसांत दामदुप्पट करीत नाही.

अर्धे तळे झाकलेले दिसले की माणूस म्हणतो, अजून अर्धे मोकळे आहे, बघू पुढे. पण जे अर्धे झाकायला आठ-दहा महिने लागले त्याच्या दुसऱ्या अर्ध्याला पंधरवडा पुरतो.

आणि वजन? दाट वाढलेल्या जलपर्णीचे ओले वजन हेक्टरी दोनशे टनांच्या घरात जाते. म्हणजे एकरी ऐंशी टन. त्यात शंभरातले नव्वदाहून अधिक भाग नुसते पाणी. ट्रॉलीभर जलपर्णी काढायची म्हणजे ट्रॉलीभर पाणी उचलायचे. म्हणून मोठी शहरे दरवर्षी हिच्यासाठी कंत्राटे देतात, यंत्रे लावतात, कोट्यवधी रुपये घालतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करतात. आपल्या गावाला हे परवडणार आहे काय?

पाण्यावर झाकण बसले की खाली ऊन जात नाही, हवा मिसळत नाही. मासे गुदमरतात. डासांना आसरा मिळतो. आणि पाने पाणी ओढून हवेत सोडतात, त्यामुळे मोकळ्या पाण्यापेक्षा झाकलेल्या तळ्यातले पाणी लवकर उडते. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी आटते ते नुसत्या उन्हाने. त्यात हा दुसरा पिणारा आपण पोसायचा?

पाहुणी आली कुठून

ही आपली वनस्पती नव्हे. कमळ आपले, शिंगाडा आपला, काठचे पाणकणीस आपले. त्यांना खाणारे किडे, मासे, जनावरे इथेच आहेत, म्हणून ती आपल्या हद्दीत राहतात. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातली. तिचे शत्रू तिकडेच राहिले आणि ती एकटी जगभर फिरली.

कापूसवाल्यांनो, गंमत ऐका. 1884 साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात कापसाच्या व्यापाराचे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्या प्रदर्शनात आलेल्या लोकांना जलपर्णीची रोपे भेट म्हणून मिळाली आणि तिथून ती अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या नद्यांत गेली, असे सांगतात. तिथेही फूल सुंदर म्हणूनच नेले. आमच्या पोराने जे केले तेच तिथल्या शहाण्यासुरत्या शेटजींनी केले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात आली. शोभेचे झाड म्हणूनच आली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तिने तिथले नदीनाले, भातखाचरे भरून टाकली. तागाच्या होड्या अडल्या, भात बुडाले. शेवटी 1936 साली बंगालात जलपर्णीचा वेगळा कायदा करावा लागला. 1937 च्या निवडणुकीत जलपर्णी हटवण्याची आश्वासने पुढाऱ्यांना द्यावी लागली. आश्वासने दिली गेली, कायदा झाला, सप्ताह पाळले गेले. जलपर्णी आजही तिथे आहे. पसरल्यावर कायदा करून ती जात नाही, हा बंगालचा धडा.

एवढे लांब जायलाही नको. आपले गाजरगवत घ्या. 1950 च्या दशकात ते पहिल्यांदा पुण्यात दिसले. तेव्हा बोटावर मोजण्याएवढी झाडे असतील. ती कुणी उपटली नाहीत. आज गाजरगवत नाही असा एक तरी बांध जिल्ह्यात दाखवा. उपटायची वेळ एकदाच येते, आणि ती येते तेव्हा कुणाला घाई वाटत नाही.

खत कोण घालते

जलपर्णीला पीक म्हणून पाहा म्हणजे सगळे कळेल. तिला नत्र लागते, स्फुरद लागते. आपण ते पोत्याने विकत आणतो. तिला शहरांची गटारे फुकट देतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरते. त्या नद्यांत जलपर्णीचे गालिचे दरवर्षी होतात आणि पुराबरोबर खाली वाहत जातात. कोल्हापूरकडे पंचगंगेचे तेच. नांदेडला गोदावरीत तेच.

आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. बिंदुसरा बीड शहरातून वाहते. पुढे ती सिंदफणेला मिळते. सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे. आणि त्या धरणाचे पाणी बीड शहर पिते. म्हणजे वर जे सोडले तेच खाली प्यायचे. अशा पाण्यात एक मूठ जलपर्णी पडली तर तिला खताची वाण पडणार नाही. म्हणून सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडा, ही मागणी शहरवाल्यांची नाही, ती आपलीही आहे.

पण बोट दाखवताना आपल्याकडे वळलेली तीन बोटेही पाहू. सरी उतारावर धरली, बांध फुटका ठेवला, युरिया टाकला आणि दुसऱ्या दिवशी पाऊस आला, तर तो युरिया ओढ्याने तळ्यातच जातो. पैसा आपला जातो आणि पीक जलपर्णीचे येते.

वाट कोणती

तळ्याला पाय नसतात आणि जलपर्णीलाही नसतात. आपली बरीचशी तळी एकमेकांपासून दूर, ज्याच्या त्याच्या ओढ्यावर आहेत. वरच्या अंगाला जलपर्णी नसेल तर तुमच्या तळ्यात ती माणसाच्या हातानेच येईल. कोणत्या हाताने, ते पाहू.

पहिला हात जाळ्याचा. मासेमारी करणारे आपले भाऊ एका धरणावरून दुसऱ्या तळ्यावर जातात. ओल्या जाळ्यात, होडीच्या किंवा थर्माकोलच्या तराफ्याच्या सांदीत मुळाचा तुकडा, बी, माशाची अंडी अडकून येतात. उपाय बिनपैशाचा आहे. जाळे झटका, होडीतले पाणी तिथल्या तिथे ओता आणि नव्या पाण्यात घालण्याआधी सगळे आठवडाभर कडक उन्हात वाळवा. आपल्या जिल्ह्यात पाणी कमी असेल, पण उन्हाची टंचाई कुणी ऐकली आहे काय? ऊन हे आपले फुकटचे औषध आहे.

दुसरा हात मोटारीचा. भाड्याचे इंजिन, पाइप, फुटव्हॉल्व्ह आज या तळ्यावर, उद्या त्या शेततळ्यावर. त्यालाही तोच नियम. जाळी खरवडा, पाइपातले पाणी सांडा, वाळवा, मग उचला.

तिसरा हात मत्स्यबीजाचा. शेततळी झाली, त्यात मासे सोडा असे सांगणारेही आले. जरूर सोडा, दोन पैसे मिळत असतील तर कुणी नाही म्हणू नये. पण पिशवीत कटला, रोहू, मृगळच आहे ना, हे बोटुकली घेताना परातीत ओतून पाहा. तिलापिया, ज्याला आपण चिलापी म्हणतो, तो मासा 1952 साली परदेशातून देशात आणला. आज उजनीत चिलापीवर अनेकांची चूल पेटते हे खरे आहे. पण एकदा शिरल्यावर तो लवकर वितो, गर्दी करतो आणि पुन्हा निघत नाही, हेही खरे आहे. ज्याला विदेशी किंवा थाई मांगूर म्हणतात तो मूळ आफ्रिकेचा. काय वाटेल ते खातो, लहान मासे गिळतो, घाण पाण्यात जगतो, वरची हवा घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत पुढच्या पाण्यात जातो. त्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारने 2000 सालीच बंदी घातली, तरी चोरून बीज विकणारे विकतात.

सरकारी बंदी म्हटली की आपल्या कपाळाला आठी पडते. साहजिक आहे. आजवर किती बंद्यांनी आपला भाव पाडला ते आपण भोगले आहे. पण इथे तत्त्व वेगळे आहे. माझ्या शेतात काय पेरावे हा माझा अधिकार. माझ्या शेतातून सगळ्या गावाच्या पाण्यात काय सोडावे हा माझा अधिकार नाही. शेततळे भरून वाहते तेव्हा त्यातला मासा ओढ्याला लागतो. तेव्हा सांडीला बारीक जाळी बसवा आणि मांगूर नकोच म्हणा.

चौथा हात कुंपणाचा. बेशरम कुणाला ठाऊक नाही? तीही दक्षिण अमेरिकेची. जनावर खात नाही, काडी खोचली की लागते, म्हणून आपणच कुंपणाला लावली. तीच काडी ओढ्याने तळ्याच्या काठाला गेली आणि आज कितीतरी तळ्यांच्या उथळ अंगाला तिचे रान माजले आहे. दुष्काळात दुसरे हिरवे नसले की शेळ्या तिला तोंड लावतात, मग चटक लागते. मान हलायला लागते, मागचे पाय लटपटतात, शेळी वाळत जाते. बेशरम तोडून टाकताना फांद्या पाण्याकडेला टाकू नका. प्रत्येक कांडीचे झाड होते. मुळासकट खणा, उंच कोरड्या जागी वाळवा आणि जाळा.

पाचवा हात गाळाचा. 2017 साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली. तळ्याचा गाळ रानात पडला की हलक्या जमिनीचे सोने होते, तो जरूर न्या. फक्त एवढे पाहा. ज्वारीत टारफुला ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की त्याचे बी मातीत वर्षानुवर्षे दम धरून बसते. जलपर्णीचे बीही चिखलात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. तळे कोरडे पडले म्हणजे पीडा टळली असे समजू नका. जलपर्णी झालेल्या तळ्याचा गाळ कोरडवाहू रानात टाकला तर धोका नाही, कारण तिथे तिला उभे राहायला पाणी नाही. पण तोच गाळ शेततळ्याच्या काठाला, ओढ्यात किंवा दुसऱ्या तळ्याच्या पाणलोटात टाकू नका.

आणि सहावा हात प्रेमाचा. बादलीतले फूल, कुंडीतले फूल, शहरातल्या पाहुण्याने काचेच्या पेटीतले नको झालेले मासे. दया आली तर त्यांना घरच्या टाकीत ठेवा, तळ्यात सोडू नका.

काढायची कशी

ओळख सोपी आहे. पान गोलसर, चकचकीत. देठ मध्येच फुगलेला आणि आत स्पंजासारखा पोकळ, त्यामुळे ती तरंगते. मुळ्या काळ्या, पिसांसारख्या. फूल फिके जांभळे, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका.

दिसली की त्याच दिवशी मुळासकट काढा. फुलावर यायच्या आधी काढा, म्हणजे बी पडणार नाही. तुकडे मागे ठेवू नका. काढलेली रोपे पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा उंच जागी पातळ पसरून वाळवा. आमच्यासारखा सांडव्याजवळ ढीग करू नका. वाळल्यावर शेणाबरोबर खड्ड्यात कुजवा, खत होते. गटाराच्या पाण्यातली असेल तर गुरांना चारू नका, कारण घाण पाण्यातले जड धातू ती आपल्या अंगात साठवते.

कुणी म्हणेल, एवढी उस्तवारी कशाला, तणनाशक मारा. ज्या पाण्यावर गुरे-माणसे जगतात त्यात विष ओतायचे? शिवाय टू-फोर-डीचा वाऱ्याने आलेला नुसता वास कपाशीला काय करतो हे तुम्ही पाहिले आहे. पाने बोटांसारखी आकसतात. तेच पाणी मोटारीने कपाशीला द्याल तर एका रोगाला दुसरे दुखणे जोडाल. आणि मेलेली जलपर्णी तळाशी कुजून पाणी नासवते ते वेगळेच.

किड्यांचा उपाय मात्र खरा आहे. 1980 च्या दशकात बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने जलपर्णीच्या मूळ देशातले, फक्त जलपर्णीवर जगणारे भुंगे आणून तिथल्या तळ्यांत सोडले. तीन-चार वर्षांत काही तळी मोकळी झाली. बारमाही पाण्याच्या मोठ्या धरणाला हा उपाय योग्य आहे. पण त्याला वर्षे लागतात, आणि आपली लहान तळी तर मार्चात तळ दाखवतात. जलपर्णी वाळली की भुंगेही जातात आणि पावसाळ्यात बी तेवढे उगवून वर येते. लहान तळ्याला माणसाची नजर आणि माणसाचा हात, हाच उपाय.

राखण कुणी करायची

इथे खरी अडचण आहे आणि ती आम्ही झाकून ठेवणार नाही. तळे भरलेले असते ऑक्टोबरपासून पुढे. जलपर्णीला पसरायला मोकळीक मिळते ती त्याच महिन्यांत. आणि नेमके त्याच महिन्यांत आपले निम्मे गाव उसाच्या फडात असते. पाहणारा डोळाच गावात नसतो. कोयता हौसेने कुणी घेत नाही. कोरडवाहू शेतीत घातलेले निघत नाही म्हणून घ्यावा लागतो. शेतमालाला दाम नाही म्हणून गाव ओस, गाव ओस म्हणून तळ्याला राखण नाही, तळे गेले की शेती आणखी कोरडवाहू, आणि पुढच्या वर्षी आणखी दोन कोयते जास्त. भावाच्या बैठकीत हा विषय का मांडला ते आता कळले असेल.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. गावात जे राहतात त्यांच्यातल्या दोघांना, म्हातारे असोत की बाया, आठवड्याला तळ्याची एक फेरी नेमून द्यावी आणि तिची मजुरी द्यावी. फुकटच्या श्रमदानाचे गोडवे फार झाले. नऊशे साठ दिवस आम्ही फुकट राबलो, तसे कुणाला राबावे लागू नये. तलावाच्या मासेमारीचा ठेका जातो, पाणीपट्टी गोळा होते, त्या पैशातून तळ्याची राखण झालीच पाहिजे. आणि जिथे जलपर्णी पसरली आहे तिथे ती काढण्याचे काम सरकारने मजुरीच्या कामांत धरावे. 1972 साली तळे खणायला मजुरी मिळाली, ते राखायला का मिळू नये?

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गावाने चार गोष्टी करून याव्यात.

1. आपल्या तळ्याची, शेततळ्यांची आणि वरच्या ओढ्याची फेरी मारून जलपर्णी, बेशरम कुठे व किती आहे ते लिहून आणावे.

2. दिवाळी ते पाडवा या काळातली राखण कुणाकडे आणि मजुरी कोणत्या पैशातून, याचा ठराव ग्रामसभेत करावा.

3. बाहेरची जाळी, होडी, इंजिन, पाइप वाळवल्याशिवाय तळ्यात घालायचे नाही, हे ठेकेदार आणि मासेमारी करणाऱ्यांशी बसून ठरवावे. भांडून नको, बसून. तळे बुजले तर त्यांचीही चूल विझते.

4. टोळ्या निघण्याआधी मुकादमाला आणि पोरांना जलपर्णीचे रोप, नाही तर चित्र दाखवावे. नदीवर पाहा, फूल तोडा, केसांत घाला, पण गावी आणू नका, एवढे सांगावे.

आमच्या गावातले ते पोर आता मोठे झाले आहे. मागच्या वर्षी त्याच्या टोळीतली एक लहान मुलगी पट्टा पडल्यावर तसेच रोप डब्यात घेऊन निघाली होती. त्याने तिला ट्रॅक्टरजवळच थांबवले, डबा नदीकाठच्या खडकावर उन्हात पालथा केला आणि गावी येईपर्यंत तिची समजूत काढत आला. अर्धा तासही लागला नसेल.

तेवढा अर्धा तास प्रत्येक गावाने काढावा, एवढेच मागणे आहे.